आईला स्मृतिभ्रंशाच्या निवासी केंद्रात ठेवायचं का, आणि इतर कुटुंबांच्या अनुभवांवर किती विसंबायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई ७६ वर्षांच्या, अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. बाबा ८१ वर्षांचे. दोघं नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या घरी, ताई तिथेच मानेवाड्याला, तुम्ही पुण्यात. दिवसा रुग्णसेवा ब्यूरोची बाई असते, रात्र बाबा एकटे काढतात. गेल्या महिन्यात आई पहाटे कडी काढून बाहेर पडल्या, ओळखीच्या दूधवाल्याने त्यांना परत आणलं. त्याच आठवड्यात आईंना बाथरूममधून उठवताना बाबा स्वतः पडले. त्यानंतर तुम्ही वर्धा रोडवर खापरीच्या पुढचं एक केंद्र पाहिलंत आणि तिथे ज्यांची माणसं आहेत किंवा होती अशा काही कुटुंबांशी बोललात. निम्मे म्हणाले, देवमाणसं आहेत तिथे. निम्मे म्हणाले, आमची आई चालत गेली आणि दोन महिन्यांत अंथरुणाला खिळली. आता कोणाचं खरं धरायचं आणि आईंना तिथे ठेवायचं का, हे तुम्हाला हवंय.

खरं दोन्हीकडचं असू शकतं. मी नर्सिंगमधून या कामात आले. नागपुरातच निवासी केंद्रांत आणि घरोघरच्या रुग्णसेवेत काम करत आले आहे. एकाच केंद्राबद्दल, इतकंच काय एकाच माणसाबद्दल, घरच्यांकडून अगदी उलटसुलट ऐकायला मिळतं.

अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले एक काका होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. त्यांची लेक सकाळी दहाला यायची, तेव्हा काका आंघोळ-दाढी करून, पेपर हातात घेऊन बसलेले असायचे. ती सगळ्यांना सांगायची, घरी नव्हते इतके बाबा इथे चांगले आहेत. मुलगा ऑफिस सुटल्यावर सातला यायचा. तेव्हा काका दाराशी उभे, "ड्यूटीला उशीर होतोय, सोडा मला" म्हणून दाराचं हँडल हलवत, कधी रडकुंडीला आलेले. मुलाचं मत पक्कं झालं की केंद्राने बाबांची दशा केली. बहीणभावात अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली. या आजारात बऱ्याच जणांची घालमेल दिवस कलला की वाढते, हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. दोघांनी यायच्या वेळा बदलल्या, तेव्हा कुठे त्यांना एकमेकांचं म्हणणं पटलं.

त्या केंद्रातला रात्रपाळीचा पोरगा काय करायचा तेही सांगते. तो एक जुनं रजिस्टर काकांपुढे ठेवायचा, सही घ्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, हजेरी लागली. गाडी दोन तास लेट आहे, चहा घ्या तोवर." काका सही करायचे, चहा प्यायचे, आणि बहुतेक रात्री तिथेच खुर्चीत पेंगायचे. दारावरून ओढून नेणं नाही, झोपेची गोळी नाही. केंद्र चांगलं की वाईट, हे मी अशा गोष्टींवरून ठरवते. लॉन, टीव्ही हॉल, फ्रंट ऑफिस यांवरून मला काही कळत नाही.

म्हणून कोणी अनुभव सांगू लागलं की आधी तीन गोष्टी विचारा. त्यांचं माणूस तिथे गेलं तेव्हा आजार कुठवर आला होता? ते सांगताहेत ते पहिल्या महिन्याचं की सहा महिन्यांनंतरचं? आणि ते भेटायला कोणत्या वेळी जायचे?

मधल्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. स्मृतिभ्रंशात माणूस घर डोक्याने कमी आणि सवयीने जास्त ओळखतो. अंधारात उठून डावीकडे वळलं की संडास, हे पायांना ठाऊक असतं. जागा बदलली की हा आधार जातो. पहिले काही आठवडे झोप, जेवण, चिडचिड सगळंच बिघडू शकतं, आणि नंतर बरेच जण रुळतात. सगळेच रुळतात असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या तीन आठवड्यांत आईला परत घेऊन आलेल्या कुटुंबाने आणि वर्षभर राहिलेल्या कुटुंबाने एकाच जागेबद्दल वेगवेगळं सांगितलं, तर त्यात नवल नाही. त्यात आजार स्वतःच्या गतीने पुढे सरकत असतो. "चालत गेली आणि अंथरुणाला खिळली" या वाक्यामागे खुब्याचं फ्रॅक्चर असेल, झोपेच्या औषधांचा डोस असेल, न ओळखलेलं इन्फेक्शन असेल किंवा आजाराचा पुढचा टप्पा असेल. पहिल्या तिन्हींत केंद्राची जबाबदारी येते, चौथ्यात नाही. तेव्हा त्या कुटुंबाला पुन्हा फोन करा आणि नेमकं काय झालं ते विचारा. दुखरी गोष्ट आहे, पण आपल्या आईसाठी कोणी विचारतंय म्हटल्यावर लोक मनापासून सांगतात.

या चौकशीत "तिथे कसं आहे?" हा प्रश्न जवळपास निरुपयोगी असतो. त्याला उत्तर "छान आहे" किंवा "काही खरं नाही" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा, "काही बिघडलं होतं तेव्हा त्यांनी काय केलं?" आई पडल्या तर फोन किती वेळात आला? फोन केंद्राने स्वतःहून केला की भेटायला गेल्यावर निळा डाग दिसला म्हणून कळलं? रात्री अडीचला ताप चढला तर धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात कोणी नेलं, सोबत केंद्राचा माणूस थांबला का, आणि १०८ बोलावली की त्यांची स्वतःची गाडी होती? अशा कामात पडझड होतेच. कुठेच कोणी कधी पडत नाही असं सांगणाऱ्या केंद्रावर माझा विश्वास बसत नाही. पडल्याचं लपवणारं केंद्र मात्र मी पहिल्याच भेटीत यादीतून काढेन.

दुसरं, ताईंना तिथे संध्याकाळी साडेसहा-सातला जाऊ द्या, आधी न कळवता. सकाळी अकराची ठरवून दिलेली भेट म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेलं घर. संध्याकाळी पाळी बदलते, चहा-जेवणाची गडबड असते, आणि घालमेल वाढलेली माणसं दाराशी जमलेली असतात. त्या वेळी किती माणसांमागे किती हात आहेत, हे तिथे उभं राहून मोजा, कागदावर विचारू नका. कोणी आजी एकच प्रश्न दहाव्यांदा विचारतेय तर तिला उत्तर कोणत्या आवाजात मिळतं ते ऐका. लघवीचा वास येतोय का बघा. थोडा वास कुठेही येईल, पण भिंतीत मुरलेला वास वेगळा कळतो. कोणाला खुर्चीला ओढणीने बांधलंय का, हेही बघा. आणि आत शिरायला कोणी आडकाठी केली, तर तेही तुमचं उत्तरच आहे.

इथवर अनुभवांचं झालं. आता तुमच्या आईंबद्दल, कारण केंद्र चांगलं असणं आणि ते तुमच्या आईंना मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही लिहिलंय की आई भंडाऱ्याकडच्या खेड्यात वाढल्या आणि घरात मराठीच बोलतात. इथल्या केंद्रांत काम करणारी बरीच मुलं-मुली बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडून आलेली असतात आणि हिंदी बोलतात. नागपूरकराला एरवी त्याचं काही वाटत नाही, पण स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी निसटते. "अम्मा, मुँह खोलो" हे आईंना कळेनासं झालं की त्या तोंड मिटून बसतील, आणि नोंदवहीत लिहिलं जाईल, "जेवायला नकार". रात्रपाळीत एक तरी मराठी बोलणारी बाई आहे का ते विचारा. नसेल तर ताईंनी रोजच्या वापरातले आईंचे वीस-पंचवीस शब्द मोठ्या अक्षरात लिहून द्यावेत, शू-शीला त्या काय म्हणतात इथपासून.

उपासाचंही तसंच. त्या पिढीतल्या बायका आजारात "आज माझी चतुर्थी आहे" म्हणून रोज ताट सरकवतात, आणि वजन उतरत जातं. मी एका ठिकाणी पाहिलं, तिथली मावशी आजींशी वाद घालत नव्हती. ताटात थोडा गूळ ठेवून म्हणायची, "चंद्र दिसला आजी, नैवेद्य दाखवला, आता सोडा उपास." आजी हात जोडून जेवायच्या. तुम्ही केंद्रात विचारा, की आई उपास म्हणाल्या तर तुम्ही काय कराल? "नाही जेवल्या तर नंतर देऊ" हे उत्तर मला पुरत नाही.

सोन्याचा विषय आत्ताच काढते, कारण ऐन वेळी तो फार त्रास देतो. बहुतेक केंद्रं दागिने ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण प्रवेशाच्या दिवशी ऑफिसात बसून नवऱ्यासमोर मंगळसूत्र आणि पाटल्या उतरवायच्या, याचा त्या बाईच्या मनावर काय परिणाम होतो ते मी पाहिलंय. घर सोडतोय हे तिला उमगलेलं नसतं, पण गळा मोकळा झालेला कळतो, आणि पुढचे कित्येक दिवस ती चोरी झाली म्हणून शोधत फिरते. दोन महिने आधी घरीच काळी पोत किंवा एक ग्रॅमवालं मंगळसूत्र गळ्यात घाला, जुनं गाठवायला दिलंय म्हणून सांगा. सवय होऊन जाते.

औषधांचं ऐका, हा भाग घाईने वाचू नका. केंद्राला विचारा, कोणी रात्री ओरडलं, मारायला धावलं तर तुम्ही आधी काय बघता? योग्य उत्तर असं असतं: दुखतंय का, पोट साफ झालंय का, लघवीचं इन्फेक्शन आहे का, पाणी कमी पडलंय का, औषध नवीन सुरू झालंय का. वय झालेल्या माणसाचा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर तो बहुधा मूळ आजार वाढल्यामुळे नसतो, यांपैकी काहीतरी असतं, आणि त्यावर उपचार होतो. हे सगळं तपासल्यावरच क्वेटियापिन, रिस्पेरिडोनसारख्या, मूळच्या मनोविकारांवरच्या गोळ्यांचा विचार व्हावा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. म्हणून ती कधीच देऊ नयेत असं नाही, काही वेळा लागतात. पण कोणत्या डॉक्टरांनी लिहिली, डोस काय आणि कमी कधी करणार, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. ही संमती फोनवर मागितली गेली तरी घाईने हो म्हणू नका.

आपल्या गावाचा उन्हाळाही हिशेबात धरा. पारा ४५ च्या वर जातो, स्मृतिभ्रंशाच्या माणसाला तहान कळत नाही किंवा सांगता येत नाही, आणि पाणी कमी पडलं की गोंधळ लगेच वाढतो. कोण, किती वेळाने, हातात ग्लास देऊन पाणी पाजतं हे विचारा. टेबलावर जग ठेवलाय, हे उत्तर नव्हे. रात्री लाइट गेली तर जनरेटरवर कूलर चालतात की नुसते दिवे? जमेल तर एप्रिल-मे मध्ये जागा बदलू नका. दिवाळीनंतरचे महिने बरे.

पैशांबद्दल आकडे मी सांगत नाही, केंद्रागणिक फार फरक पडतो. मासिक शुल्कात काय येत नाही ते लिहून घ्या. डायपर, फिजिओ, डॉक्टरांची भेट, दवाखान्यात भरती असताना सोबतीचा माणूस, आणि त्या काळात बेड अडवून ठेवण्याचं शुल्क बहुधा वेगळं असतं. आजार वाढला की दर वाढतो का आणि डिपॉझिट परत कसं मिळतं, हेही करारात बघा. तुम्ही आईबाबांनी ज्येष्ठांच्या सोसायटीत एकत्र फ्लॅट घ्यावा असाही विचार लिहिलाय. त्यात सोय आहे, पण अशा बऱ्याच जागा चालत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी असतात. आई रात्री बाहेर पडू लागल्यावर तिथे राहू देतील का, हे आधी लेखी घ्या. दोघांची ७० वर्षांवरील ज्येष्ठांची आयुष्मान कार्डं काढली नसतील तर काढा. त्यातून ५ लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार होतात, केंद्राचं शुल्क मात्र त्यात बसत नाही. आणि मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते संपतं. बँकेचं, पेन्शनचं काय ते आईंच्या डॉक्टरांशी आणि वकिलाशी बोलून आत्ताच मार्गी लावा.

मामा म्हणताहेत की आईला टाकलं म्हणून केस होईल. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात शिक्षा आहे ती ज्येष्ठाला कायमचं वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून देणाऱ्याला. खर्च उचलून, नियमित भेटून, उपचारांत लक्ष घालून केंद्रात ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. त्यांना हेही सांगा की २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्याही नात्यागोत्यात कोणीतरी असणार.

आता माझं मत. आई फक्त बाहेर पडल्या एवढंच असतं, तर मी घरीच रात्रीची बाई ठेवा आणि दाराला नजरेच्या वर दुसरी कडी बसवा म्हटलं असतं. पण बाबा पडलेत. ८१ व्या वर्षी रात्र रात्र जागणारा माणूस दुसऱ्यांदा पडला तर दोघांनाही एकदमच हलवावं लागेल, तेही दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून घाईघाईत निवडलेल्या जागी. म्हणून मी केंद्राच्या बाजूने झुकते, पण थेट कायमचा प्रवेश घेऊन नाही. आधी दिवसाच्या सोयीने काही दिवस, मग दोन-तीन आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम. पहिले पंधरा दिवस कोणी भेटायचंच नाही असा नियम काही ठिकाणी असतो, तो मला मान्य नाही. छोट्या भेटी द्या, शक्यतो सकाळी, आणि जेवणाच्या ताटावर आईंना बसवून निघा, म्हणजे निरोपाचा प्रसंग टळतो. "मला घरी ने" म्हणाल्या तर "हे आता घरच आहे" असं पटवत बसू नका. घरी कोण कोण आहे, अंगणात काय लावलंय, ते विचारा आणि ऐका.

यात एक अट आहे. खापरीच्या पुढचं केंद्र कितीही नीटनेटकं असलं तरी मानेवाड्याहून ताईंना कामावरून सुटल्यावर तिथे जाणं झेपतं का ते बघा. पैसे पुण्याहून पाठवता येतात, भेटी पाठवता येत नाहीत. थोडी साधी जागा, पण जिथे ताई आठवड्यात तीनदा सहज डोकावू शकतात, ती मी निवडेन. घरच्यांचा वावर असलेल्या माणसाकडे कुठल्याही केंद्रात जास्त लक्ष दिलं जातं. हे योग्य नाही, पण असंच होतं. बाबांनाही रोज तिथे जाऊन यायचं असेल, तर त्यांच्या ऑटोचा खर्च आणि वेळ धरा.

आणि बाबांशी तुम्ही एकट्याने बोला, ताई किंवा ब्यूरोची बाई समोर नसताना. पन्नास वर्षांच्या संसारानंतर ते तुमच्यासमोर "मी करतो की" असंच म्हणणार. त्यांना ठेवायचं की नाही विचारू नका. रात्री किती वेळा उठता, शेवटची सलग चार तास झोप कधी लागली होती, हे विचारा.

या आठवड्यात एवढं करा: आईंची लघवी, सोडियम, थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी, कारण पहाटे बाहेर पडण्याचा प्रकार नवा आहे. ताईंची संध्याकाळची एक अचानक भेट. ज्या कुटुंबाची आई अंथरुणाला खिळली त्यांना पुन्हा एक फोन. मग कराराचा मसुदा मागवा. तो आला की दर वाढवण्याचं, रुग्ण दुसरीकडे हलवण्याचं आणि डिपॉझिट परताव्याचं कलम मला कळवा, मी वाचून सांगते.